माती तपासली, लघवी तपासली का?



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड आणि पाणी यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. शेतीखात्याच्या माणसाने माणसाच्या रोगाबद्दल कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्तही आहे. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. ॲग्री झालेला साधा विस्तार अधिकारी आहे. पण गेल्या भाद्रपदात एका मळ्यावर जे पाहिले आणि त्याआधी माझ्या स्वतःच्या घरात जे घडले, ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉक्टरांना विचारून, खातरजमा करूनच लिहीत आहे.

झाले असे. पावसाने ओढ दिली होती आणि एका शेतकऱ्याच्या ठिबकची तक्रार आली. उसाच्या निम्म्या ओळींना पाणीच पोचत नव्हते. जाऊन पाहिले तर पंप चालू, दाबाचा काटा जागच्या जागी, फिल्टर वरून चकचकीत. मी शेवटच्या नळीचे टोक उघडायला सांगितले. आतून गढूळ पाणी, शेवाळ आणि बारीक वाळू बाहेर आली. मग फिल्टर उघडला, तर आतली जाळी बोटभर फाटलेली. मालक म्हणाले, "साहेब, वरून तर काहीच कळत नव्हतं." मी म्हणालो, "फिल्टर फाटला तर फिल्टरकडं बघून कळत नाही. शेवटच्या नळीतून काय येतंय ते बघावं लागतं."

मग चहा आला. चहा घेताना त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा पाय ओढत आला आणि आजीला टेकून बसला. डोळ्यांच्या पापण्या सुजून डोळे बारीक झालेले. मी विचारले तर आजी म्हणाली, "रात्री टीव्ही बघत जागतंय, म्हणून डोळं सुजल्यात." माझी नजर त्याच्या हातापायांवर गेली. पिकून वाळलेल्या फोडांचे काळे डाग होते.

"आजी, ह्याला खरूज झाली होती का?"

"झाली की. सगळ्याच पोरांना झाली होती. आता तीन आठवडं झालं, वाळली."

"बाळा, लघवी कशी होते रे?"

पोरगा लाजला. मग हळूच म्हणाला, "कोऱ्या चहासारखी. आणि थोडीच."

आजी लगेच म्हणाली, "उन्हाळी लागली असंल. सब्जाचं पाणी पाजते."

हे प्रश्न मला सुचले ते माझ्या हुशारीने नव्हे. माझ्या थोरल्या बंधूंबरोबर दोन वर्षे मूत्रपिंडाच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून ते कानावर पडले होते. मी मुलाच्या वडिलांना बाजूला घेतले आणि म्हणालो, "फिल्टरचं उद्या बघू. याला आत्ता मोटरसायकलवर घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चला." तिथे डॉक्टरांनी लघवी तपासली आणि रक्तदाब मोजला. एवढ्याशा पोराचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. त्याच संध्याकाळी त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी ही गाळणी काय आहे ते समजून घेऊ.

आपल्या पाठीत, कण्याच्या दोन्ही अंगांना, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. एकेक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचा गुंता. गाळणी एवढी लहान की नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसावी. दर मिनिटाला लिटरभर रक्त मूत्रपिंडांतून फिरते. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यांतले जवळजवळ सगळे पुढच्या नळ्या परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते. गाळणीचे काम एवढेच की रक्तातले पाणी, क्षार आणि टाकाऊ द्रव्ये खाली जाऊ द्यायची, पण रक्तपेशी आणि प्रथिने वर अडवायची. प्रथिन म्हणजे आपण डाळ, दूध, अंडी यांतून मिळवतो ते अंगाचे धन. त्यांतल्या मुख्य प्रथिनाला अल्ब्युमिन म्हणतात.

फिल्टरचे बिघाड दोन तऱ्हेचे असतात हे तुम्हांला ठाऊक आहे. एक, जाळी फाटते. दुसरा, जाळी तुंबते. मूत्रपिंडाच्या गाळणीचे पुष्कळ रोग आहेत आणि त्यांची नावे लांबलचक आहेत. पण आपल्या समजुतीपुरते तेही याच दोन तऱ्हांचे.

जाळी फाटल्यासारखी झाली की प्रथिन लघवीवाटे वाहून जाते. लघवीला फेस येतो. रक्तातले प्रथिन कमी झाले की पाणी रक्तात टिकत नाही, ते अंगात मुरते. सकाळी उठल्यावर पापण्या सुजतात, संध्याकाळी घोटे सुजतात, बोटाने दाबले की खड्डा पडतो.

जाळी तुंबली, म्हणजे गाळणीला दाह होऊन ती आतून सुजली, की लघवी कमी होते. तिच्यात रक्त उतरते, पण ते लालभडक नसते, कोऱ्या चहासारखे किंवा काकवीसारखे दिसते. पाणी आणि मीठ अंगात साचून रक्तदाब चढतो. काही रोगांत दोन्ही बिघाड एकदमच होतात.

आता मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा. यात दुखत नाही. मुतखडा झाला तर माणूस गडबडा लोळतो आणि त्याच रात्री दवाखाना गाठतो. गाळणी मात्र वर्षानुवर्षे खराब होत जाते आणि कुठे कळ येत नाही. रक्तातले क्रिएटिनिन मोजतात, तो आकडासुद्धा सुमारे निम्म्या गाळण्या जाईपर्यंत फारसा हलत नाही. मग कळायचे कसे? शेवटच्या नळीतून. म्हणजे लघवी तपासून.

ही युक्ती नवी नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगाला सूज आलेल्या रोग्याची लघवी ते चमच्यात घेत आणि मेणबत्तीवर तापवत. ती कढताना अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली की लघवीतून प्रथिन जाते आहे हे कळे. अशा रोग्यांच्या मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे पाहून, सूज, गोठणारी लघवी आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा मेळ त्यांनी १८२७ साली ग्रंथात मांडला. पुढे शंभर वर्षे या रोगाला 'ब्राइटचा रोग' असेच म्हणत. ज्या काळी वीज नव्हती, यंत्रे नव्हती, त्या काळी एक चमचा आणि एक मेणबत्ती यांवर हे निदान झाले. आज त्या जागी कागदाची पट्टी आली आहे. लघवीत बुडवली की मिनिटाभरात रंग बदलून सांगते. गरोदर बायांची लघवी आपल्या उपकेंद्रातल्या नर्सताई तपासतात, तीच ही तपासणी. म्हणजे सोय गावात आहे. आपण ती फक्त गरोदरपणापुरती समजून बसलो आहोत.

मुलांपासून सुरुवात करू. मळ्यावरच्या त्या मुलाला झाला तो रोग खरूज पिकल्यावर किंवा घसा धरल्यावर होतो. खाजवून फोड होतात, त्यांत एका जातीचे जंतू शिरतात. शरीर त्यांच्याशी लढते. लढाईत जी द्रव्ये तयार होतात ती रक्तातून येऊन मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात आणि तिथे दाह होतो. घसा दुखल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी, आणि कातडीच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी हे दिसते. म्हणून कोणाला संबंध लागत नाही. खरूज वाळलेली असते, आई निश्चिंत असते आणि तेव्हाच पोराच्या पापण्या सुजतात. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. दुर्लक्ष झाले तर रक्तदाब मेंदूला चढून आकडी येऊ शकते, छातीत पाणी भरू शकते. तेव्हा घरात खरूज आली की एकट्या पोराला मलम लावून भागत नाही. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचे. एकाच शेतकऱ्याने फवारणी केली आणि शेजारचे शेत तसेच ठेवले तर कीड परत येते, तसेच हे.

मुलांचा दुसरा रोग जाळी फाटण्याचा. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत जास्त, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. पोराचा चेहरा भरतो, पोट सुटते, वजन वाढते. आजीला वाटते, नातवाने अंग धरले. ते मांस नसते, पाणी असते. या मुलांना स्टेरॉईडच्या गोळ्या देतात आणि बहुसंख्य मुलांचे प्रथिन गळणे काही आठवड्यांत थांबते. पण रोग खोडकर आहे. सर्दी-पडसे झाले की पुन्हा उलटतो. म्हणून अशा मुलाची सकाळची लघवी घरीच पट्टीने तपासून वहीत लिहून ठेवायला डॉक्टर सांगतात. दुधाची नोंद ठेवता तशी ही ठेवा. आणि एक चूक करू नका. गोळ्यांनी चेहरा गोल झाला म्हणून घाबरून गोळ्या मधेच बंद करू नका. त्या हळूहळू कमी करायच्या असतात आणि ते डॉक्टरच ठरवतात. अशा मुलाला ताप येऊन पोट दुखू लागले तर रात्र काढू नका, तसेच उठून दवाखान्यात न्या.

तरुण वयातही गाळणीचे रोग होतात. सर्दी किंवा घसा धरल्यावर दोन-तीन दिवसांतच लघवी चहासारखी झाली आणि पुन्हा आपोआप साफ झाली, तर 'गेले एकदाचे' म्हणून सोडू नका. पॅरिसच्या बर्जे या डॉक्टरांनी १९६८ साली ओळखून दिलेला एक रोग असाच येतो आणि जातो, आणि काहींच्या गाळण्या हळूहळू निकामी करतो. तरुण बाईचे सांधे दुखतात, उन्हात गेल्यावर गालांवर लाल चट्टे उठतात, केस गळतात, बारीक ताप राहतो, तर तो अशक्तपणा असेलच असे नाही. शरीराने स्वतःवरच उलटण्याचा ल्युपस नावाचा रोग आहे. त्याच्या दहा रोग्यांत नऊ बायका असतात आणि तो पुष्कळदा गाळणीवर जातो. रानात खुरपणाऱ्या बाईला हे सगळे 'कामानं होतंय' असे वाटते आणि लघवी तपासायची राहून जाते.

आता एक गोष्ट लेकी-सुनांसाठी. बाजारात, जत्रेत, ओळखीच्या बाईकडे गोरे होण्याची मलमे मिळतात. डबीवर नीट नाव नाही, कारखान्याचा पत्ता नाही. त्यांतल्या काहींत पारा असतो. पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि गाळणीचा पडदा बिघडवतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली असे बरेच रोगी डॉक्टरांच्या ध्यानात आले. सगळ्यांच्या लघवीतून प्रथिन जात होते आणि चौकशीअंती बहुतेकांनी अशी मलमे वापरल्याचे निघाले. त्याच साली आपल्या अकोल्यातही असा प्रकार उजेडात आला. मलम वेळीच बंद केले तर पुष्कळांना उतार पडतो, एवढे समाधान. बियाण्याला चोळायची पारायुक्त औषधे एके काळी आपल्याकडे सर्रास असत. ती घातक म्हणून सरकारने बंद केली. जो पारा जोंधळ्याच्या बियाण्यालाही नको ठरला, तो पोरीच्या गालाला कशाला?

आता माझ्या घरची गोष्ट.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांना बारा वर्षे साखर आहे. गाळणी बिघडवणाऱ्या कारणांत आज साखरेचा रोग सगळ्यांत पुढे आहे. साखरेच्या तीन-चार रोग्यांत एकाच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो. वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब दोन्ही मिळून गाळणीवर जास्तीचा दाब टाकतात. आधी थोडे प्रथिन झिरपते, मग जास्त गळते, मग गाळण्या एकेक करून वाळून जातात. वहिनी सांगायच्या, "मोरीत फेस राहतोय." आम्ही म्हणायचो, साबणाचा असेल. दादांचे गुडघे दुखायचे. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, पाण्याबरोबर घ्यायच्या आणि नांगरामागे जायचे. या गोळ्यांनी गाळणीकडे जाणारा रक्ताचा प्रवाह आखडतो हे आम्हांला कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. एके दिवशी दादांना आडवे झाले की धाप लागू लागली. दवाखान्यात नेले तर क्रिएटिनिन आठच्या पुढे. एरवी ते सव्वाच्या आत असावे लागते.

आता दादा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. एका वेळेला चार तास. जाणे-येणे धरून दिवस मोडतो. सरकारच्या योजनेमुळे यंत्राचा खर्च वाचतो, पण इंजेक्शने, गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाचा रोज कुठल्या योजनेत बसत नाही. दादांनी बैलजोडी विकली. ज्या दिवशी विकली, त्या दिवशी ओट्यावर बसून मला म्हणाले, "माझ्या रानाची माती तू तीनदा नेऊन तपासून आणलीस. माझी तपासायची तेवढी राहिली रे."

बोलले ते साधेपणाने. त्यात राग नव्हता. पण तेव्हापासून मी कुठल्याही गावात माती परीक्षणाबद्दल बोलायला उभा राहिलो की ते वाक्य माझ्या कानात असते. तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो, आधी तपासा, मग खत टाका. आणि बारा वर्षे साखर असलेल्या सख्ख्या भावाची लघवी एकदाही तपासून घेतली नाही. तेव्हा गळती कळली असती, तर उपाय होते. प्रथिन गळू लागल्यावर द्यायच्या रक्तदाबाच्या काही खास गोळ्या आहेत. त्या गाळणीवरचा दाब उतरवतात आणि गळती कमी करतात. साखरेसाठी निघालेल्या काही नव्या गोळ्याही गाळणीला जपतात, हे अलीकडच्या वर्षांत सिद्ध झाले आहे. फाटलेली जाळी दुकानातून नवी आणता येते. मूत्रपिंडाची वाळलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. उरलेल्या सांभाळता येतात, तेवढेच आपल्या हातात आहे.

तेव्हा काय करायचे ते नीट सांगतो. कात्रण काढून भिंतीला चिकटवले तरी चालेल.

पहिले, वर्षातून एकदा लघवी तपासायची कोणी? साखर असलेल्यांनी, रक्तदाब असलेल्यांनी, घरात कोणाला मूत्रपिंडाचा रोग झाला आहे त्यांनी, आणि ज्या बाईचा गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिन गेले होते तिने. माती परीक्षणासारखाच एक ठरलेला महिना धरा. आम्ही घरात अक्षय्य तृतीयेनंतरचा आठवडा धरला आहे.

दुसरे, नमुना कसा घ्यायचा? मातीचा नमुना घेताना आपण बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती टाळतो. इथेही तसेच. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्या. ताप असताना, पाळीच्या दिवसांत किंवा आदल्या दिवशी फार अंगमेहनत झाली असता नमुना देऊ नका. तेव्हा नसलेला दोष दिसतो. एकदा दोष दिसला म्हणून घाबरू नका, डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात.

तिसरे, साध्या पट्टीत मोठी गळती कळते, सुरुवातीची बारीक गळती कळत नाही. म्हणून साखरवाल्यांनी डॉक्टरांकडे 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण' ही तपासणी मागा. आकडा ३० च्या आत असला तर ठीक. ३० ते ३०० असला तर गळती सुरू झाली. ३०० च्या वर गेला तर गळती मोठी आहे. त्याबरोबर रक्तातले क्रिएटिनिनही बघून घ्या.

चौथे, मीठ. दिवसाला माणशी एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, एवढेच मीठ पुरे, आणि त्यात भाकरीतले, भाजीतले, लोणच्यातले, पापडातले सगळे आले. ज्याला सूज आहे त्याच्या ताटात वरून मीठ वाढूच नका. सैंधव मीठ हेही मीठच आहे.

पाचवे, दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने आणून घेऊ नका. साखर आणि रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच. कोणी भस्म देत असेल, किंवा नाव-पत्ता नसलेली पुडी देत असेल, तर ते आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका.

सहावे, पाण्याबद्दल. आपल्याकडे लघवीची कुठलीही तक्रार असो, उपाय एकच, भरपूर पाणी प्या. मुतखड्याला ते बरोबर आहे. पण गाळणी तुंबून लघवी कमी झाली असेल आणि अंग सुजले असेल, तर जास्तीचे पाणी अंगातच साचते आणि धाप लागते. फाटक्या जाळीतून जास्त पाणी सोडल्याने जाळी शिवली जात नाही. सूज असली की पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सब्जा, धने-जिरे, बार्ली यांवर आठवडे काढू नका.

आणि फेसाबद्दल. जोराने धार पडली की कोणाच्याही लघवीला फेस येतो आणि विरतो. जो फेस चार-पाच मिनिटांनीही तसाच राहतो आणि रोज येतो, तो संशयाचा. रंगाचेही तसेच. आदल्या दिवशी बीट खाल्ले असेल तर लघवी लालसर होते. तसे काही कारण नसता ती चहासारखी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

अजून एक भीती काढून टाकायची आहे. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर कधी म्हणतात, 'मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागेल.' हे ऐकून पुष्कळ माणसे रोग्याला घेऊन घरी येतात. मूत्रपिंड कापतात असे त्यांना वाटते. तसे नसते. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, सुईने काडीच्या टोकाएवढा भाग घेतात. रोगी दुसऱ्या दिवशी बहुधा घरी येतो. पुढे काही दिवस ओझे उचलायचे नसते. क्वचित थोडे रक्त जाते, म्हणून आधी रक्त तपासून, रक्तदाब आटोक्यात आणूनच ते करतात. पण त्याशिवाय गाळणीचा नेमका कोणता रोग आहे हे कळत नाही, आणि प्रत्येक रोगाचे औषध वेगळे. पान पिवळे पडले एवढ्यावरून नत्र कमी, लोह कमी की मूळकूज, हे उपटून पाहिल्याशिवाय सांगता येते का?

ज्यांच्या घरात रोग पुढे गेला आहे त्यांनीही धीर सोडू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी ही सोय मोफत आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. जमीन गहाण टाकण्याच्या आधी भेटा, नंतर नव्हे.

आता त्या मुलाचे. तो आठ दिवस दवाखान्यात होता. रक्तदाबाचे औषध दिले, मीठ बंद केले, पाणी मोजून दिले. दुसऱ्या आठवड्यात लघवी मोकळी झाली आणि सूज उतरली. डॉक्टरांनी पुढे दर महिन्याला लघवी तपासायला बोलावले होते, आणि त्याच्या वडिलांनी एकही खेप चुकवली नाही. दिवाळीनंतर मी फिल्टरची नवी जाळी बसलेली पाहायला गेलो, तर पोरगा बांधावर पतंग उडवत होता. आजी म्हणाली, "साहेब, घरातल्या समद्यांची लघवी तपासून आणली. माझी बी." आजींना रक्तदाब निघाला होता. त्यांची गोळी चालू झाली आहे.

हे मी दादांना सांगितले. त्या दिवशी ते डायलिसिसहून येऊन थकून पडले होते. ऐकून म्हणाले, "बरं झालं. आता हे सगळ्यांना सांग." म्हणून हा लेख.

येत्या आठवड्यात तुमच्या गावात आशाताई किंवा नर्सताई येतील, तेव्हा त्यांना थांबवून विचारा. घरात ज्याला साखर आहे, रक्तदाब आहे, ज्याचे पाय संध्याकाळी सुजतात, त्याला घेऊन आरोग्य केंद्रात जा. मातीच्या नमुन्याची पिशवी तालुक्याला न्यायची असेल तर त्याच खेपेत लघवीच्या नमुन्याचेही काम उरका.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटे अळीबद्दल बोलू. तोवर प्रकृतीस जपा. लोभ असावा.